भिंतीवरचे पट्टे पुसायचे कसे आणि परत आणायचे कसे

‘निरीक्षण केलं की कण आपलं वागणं बदलतो, म्हणजेच मनाचा पदार्थावर परिणाम होतो’ हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून येतोच. खाली हात जोडलेले, वर ओम. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये लॅब असिस्टंट होते; सोडियम लॅम्प आणि स्पेक्ट्रोमीटर पुसण्यात नोकरी गेली. त्यामुळे ग्रुपवर वाद घालत बसण्यापेक्षा मी मेसेज पाठवणाऱ्याला अंधार पडल्यावर घरी बोलावते आणि भिंत दाखवते. हीच भिंत तुमच्या घरी कशी तयार करायची ते सांगते.

सामान किरकोळ आहे. एक लाल लेझर पॉइंटर, १ मिलीवॉटच्या आतला. हिरवा घेऊ नका. स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर पडतो. कपड्यांचा चिमटा, जुनी लग्नपत्रिका (तिचा पुठ्ठा छान ताठ असतो), सेलोटेप, नवं ब्लेड, आणि विजेच्या लवचिक वायरमधला एक सुटा तांब्याचा धागा. उरला पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढे सोडणारी फिल्म. तो लॅबचं सामान विकणाऱ्यांकडे शीटमध्ये मिळतो, पण बंद पडलेल्या एलसीडी मॉनिटरवर किंवा कॅल्क्युलेटरवर तो फुकट चिकटलेला असतो. कोपऱ्यातून ब्लेडने उचकटायचा आणि सावकाश सोलायचा. काच पातळ असते, तडकते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा. मॉनिटरची पुढची फिल्म बहुतेक वेळा खरखरीत, मॅट असते. ती टाकून द्या, तिच्यातून लेझर गेला की नुसता धुरकट डाग पडतो. गुळगुळीत, आरपार स्वच्छ दिसणारी फिल्मच घ्या. मागचा गोंद सर्जिकल स्पिरिटने निघतो. चिकटवायला इन्स्टंट ग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने फिल्मवर पांढरं येतं.

लेझर कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही अशा उंचीवर ठेवा, आणि घरात लहान मूल असेल तर आधी त्याची उंची बघा. वाटेत आरसा, स्टीलचं भांडं काही नको.

सुरुवात केसाने करा. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा, त्यावर उभा केस ताणून टेप लावा. लेझर पुस्तकांच्या चळतीवर ठेवून चिमट्याने बटण दाबून ठेवा, आणि केस बरोबर किरणाच्या मधोमध आणा. समोरची भिंत चारेक मीटरवर हवी. भिंतीवर मधे लाल ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी पसरलेली तुटक रेघ दिसेल: उजेड, अंधार, उजेड, अंधार. केसाच्या डाव्या अंगाने आलेला प्रकाश आणि उजव्या अंगाने आलेला प्रकाश भिंतीवर एकमेकांत मिसळतो; जिथे लाटा जुळतात तिथे उजेड, जिथे एकमेकींना मारतात तिथे काळं. मधल्या ठिपक्यावर काळ्या कागदाचा तुकडा चिकटवा, नाहीतर डोळे दिपून बाजूचं काही दिसत नाही.

लागलीच केसाची जाडीही मोजून घ्या. पहिल्या काळ्या पट्ट्यापासून अकराव्यापर्यंतचं अंतर मोजून दहाने भागा (मधला भाग सोडून, एकाच बाजूचे पट्टे). समजा दोन काळ्या पट्ट्यांत ३२ मिलिमीटर आले, भिंत ४ मीटरवर आहे आणि लेझरच्या स्टिकरवर ६५० नॅनोमीटर लिहिलंय. तरंगलांबी गुणिले भिंतीचं अंतर, भागिले पट्ट्यांतलं अंतर: उत्तर येतं ०.०८१ मिलिमीटर. माणसाच्या केसाला शोभेल असाच आकडा.

थॉमस यंगने नोव्हेंबर १८०३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे जे मांडलं ते याच्या फार जवळचं आहे. पाठ्यपुस्तकात त्याच्या नावाने दोन फटी काढतात, पण त्या निबंधातला त्याचा प्रयोग म्हणजे उन्हाच्या बारीक किरणात धरलेली कार्डाची चिंचोळी पट्टी, एक इंचाच्या तिसाव्या भागाएवढी रुंद. तिच्या सावलीत त्याला पट्टे दिसले. मग त्याने पट्टीच्या एका कडेचा प्रकाश अडवला, आणि दुसऱ्या कडेचा प्रकाश तसाच येत असूनही पट्टे गेले. दोन्ही वाटा मोकळ्या असल्या तरच पट्टे.

आता पुढचं पाऊल: दोन्ही वाटा मोकळ्या ठेवून पट्टे घालवायचे.

केसाऐवजी तांब्याचा धागा घ्या. पुढे फिल्मच्या दोन पट्ट्यांचा सांधा त्याच्या आड लपवायचाय; केस फार बारीक, नाकी नऊ येतात. धागा बोटांत ताणून सरळ करा आणि दुसऱ्या पुठ्ठ्याच्या भोकावर उभा लावा. धागा ०.२ मिलिमीटरचा असेल तर चार मीटरवर पट्टे साधारण १३ मिलिमीटरवर येतील. आधी नुसत्या धाग्याचे पट्टे बघून घ्या.

मग पोलरायझरची दिशा शोधा. चकचकीत फरशीवर खिडकीचा उजेड तिरपा पडलाय अशा जागी उभे राहा, फिल्म डोळ्यासमोर धरून फिरवा. एका ठिकाणी फरशीवरची चमक एकदम मरते आणि फरशीचा खरा रंग दिसतो. त्या स्थितीत फिल्म उभ्या कंपनाचा प्रकाश सोडते आहे. फिल्मवर पेनने उभा बाण काढा. मॉनिटरच्या फिल्मची दिशा पुष्कळदा कडेशी तिरकी असते, त्यामुळे कडेवरून अंदाज बांधू नका.

बाणाच्या हिशोबाने दोन पट्ट्या कापा: एकीत बाण उभा, दुसरीत आडवा. नवं ब्लेड, स्टीलची पट्टी, एकच घाव. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूने या पट्ट्या अशा चिकटवा की त्यांचा सांधा बरोबर धाग्याच्या आड येईल. इथे घाई करू नका, सगळ्या प्रयोगाचा जीव या सांध्यात आहे. फट राहिली तर तिच्यातून फिल्मला न शिवताच प्रकाश निसटतो. उलट पट्ट्या एकमेकींवर किंचित चढल्या तर चालतं, कारण एकमेकांना आडवे पोलरायझर एकावर एक आले की तिथून प्रकाश जातच नाही. धागा जरा जाड झाल्यासारखं होतं, इतकंच.

अशीच आणखी एक प्लेट (धागा आणि पट्ट्या लावलेला पुठ्ठा) करा, पण तिच्यात दोन्ही पट्ट्यांचे बाण उभे. लोक हे काम टाळतात आणि मग कुणी विचारलं, ‘फिल्म मधे आली म्हणून पट्टे गेले नसतील कशावरून?’ की गप्प बसतात. ही प्लेट म्हणजे त्याचं उत्तर.

खोलीत पूर्ण अंधार करा. लोडशेडिंग असेल तर उत्तमच. पॉइंटरमधल्या लेझर डायोडचा प्रकाश बहुधा स्वतःच एका दिशेने पोलराइज्ड असतो, म्हणून आडव्या-उभ्या पट्ट्यांची प्लेट लावल्यावर पॉइंटर स्वतःभोवती फिरवून दोन्ही पट्ट्यांतून सारखाच उजेड येईल असं बघा. ही प्लेट लावली की भिंतीवरची तुटक रेघ सलग होते, ठिपक्यापासून दूर जाताना फक्त फिकी होत जाते. सारख्या बाणांची प्लेट लावा (तेवढ्यापुरता पॉइंटर फिरवून उजेड वाढवून घ्या), पट्टे हजर. परत आडवी-उभी, पट्टे गायब.

भिंतीवर कुणी कॅमेरा लावलेला नाही, कण कुठून गेला हे कुणी मोजलेलं नाही. पाहुणे गप्पा मारत असले, चहात बिस्किट बुडवत असले तरी पट्टे जातातच. डावीकडून आलेल्या प्रकाशावर उभी खूण आणि उजवीकडून आलेल्यावर आडवी, एवढं पुरलं. वाट ओळखता येईल अशी नोंद प्रकाशात झाली, मग ती कुणी वाचो न वाचो.

आता पोलरायझरचा मोठा तुकडा घ्या, बाण पंचेचाळीस अंशांत तिरका करून प्लेट आणि भिंतीच्या मधे धरा. उजेड निम्मा होतो आणि पट्टे परत येतात. तिरक्या फिल्ममधून बाहेर पडलेला सगळा प्रकाश तिरका. तो मूळचा उभा होता की आडवा हे आता कळायला मार्ग नाही. खूण पुसली. म्हणूनच याला क्वांटम इरेझर, म्हणजे खोडरबर, म्हणतात. ही कल्पना स्कली आणि ड्रूल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये मांडली.

इथे थांबू नका, खरी मजा पुढे आहे. भिंतीवर कागद लावून उजेडाच्या पट्ट्यांवर पेन्सिलीने खुणा करा. मग हातातली फिल्म नव्वद अंशांनी फिरवा, म्हणजे बाण दुसऱ्या अंगाला तिरका. पट्टे असतात, पण सरकलेले: पेन्सिलीची प्रत्येक रेघ आता काळ्या पट्ट्यात. एका तिरक्या प्रकाशाचे पट्टे आणि दुसऱ्या तिरक्या प्रकाशाचे पट्टे एकमेकांच्या रिकाम्या जागा भरतात. मघाची सलग रेघ म्हणजे हे दोन्ही संच एकावर एक. पट्टे नष्ट झालेच नव्हते, वेगळे करून बघितले नव्हते.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती लपवून हा प्रयोग विकणारे बरेच आहेत. एवढं सगळं जुन्या तरंग सिद्धांताने सुखाने समजावता येतं. त्यासाठी क्वांटम सिद्धांत लागत नाही. १ मिलीवॉटच्या लाल लेझरमधून सेकंदाला ३ वर १५ शून्यं इतके फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, निघतात. चार मीटर पार करायला प्रकाशाला १३ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे कुठल्याही क्षणी लेझर आणि भिंतीच्या मधे चार कोटींहून जास्त फोटॉन उडत असतात. एवढ्या गर्दीत ‘एक कण दोन्ही वाटांनी गेला’ म्हणण्यात अर्थ नाही.

गर्दी कमी करायचा पहिला नामी प्रयत्न १९०९ मध्ये केंब्रिजच्या जी. आय. टेलरने केला. त्याचं सामानही आपल्यासारखंच घरगुती: गॅसची ज्योत, काजळी धरलेल्या काचा, शिवणाची सुई आणि फोटोची प्लेट. उजेड इतका मंद केला की मैलभरापेक्षा थोड्या जास्त अंतरावर जळणाऱ्या मेणबत्तीएवढाच उरला. सर्वांत लांब एक्स्पोजर सुमारे २००० तासांचं, म्हणजे जवळजवळ तीन महिने. सुईच्या सावलीतले पट्टे तसेच्या तसे. तरी मंद प्रकाश म्हणजे खात्रीने एकेक फोटॉन असं नव्हे. ती खात्री १९८६ मध्ये फ्रान्समधल्या ओर्सेला ग्रँजिए, रॉजे आणि आस्पे यांनी दिली: कॅल्शियमच्या अणूंतून निघालेला फोटॉन दोन वाटांवर डिटेक्टर ठेवले तर एकाच जागी सापडतो, आणि त्याच वाटा परत एकत्र आणल्या तर व्यतिकरण (लाटांचं जुळणं आणि एकमेकींना मारणं) दाखवतो. इलेक्ट्रॉनचं तसंच, १९८९ मध्ये हिताचीच्या प्रयोगशाळेत तोनोमुरा यांनी पडद्यावर एकेक ठिपका पडताना टिपला, आणि हजारो ठिपके साचल्यावर त्यांतून पट्टे उमटले. तुमच्या भिंतीवर जे दिसतं तेच एकेका कणाच्या बाबतीतही होतं, हे या लोकांच्या कष्टांमुळे आपण म्हणू शकतो.

मग मोठ्या वस्तूंना पट्टे का नाहीत, हा प्रश्न हमखास येतो. यासाठी मी हातातली तिरकी फिल्मच दाखवते. आपली खूण एकाच ठिकाणी होती, प्रकाशाच्या कंपनात, म्हणून एका फिल्मने पुसता आली. पण समजा धाग्याशेजारून जाणारा कण हवेच्या रेणूवर आदळला. वाटेची नोंद त्या रेणूत गेली, तो दुसऱ्यावर आदळला, तो तिसऱ्यावर. आता इरेझर कशाला धरणार? पट्ट्यांचे दोन्ही संच अजून आहेत, पण ते वेगळे करायचे तर खोलीतला रेणू न् रेणू हिशोबात घ्यावा लागेल. आपल्याला दिसते ती नुसती सलग रेघ. यालाच डिकोहेरन्स म्हणतात. १९७० मध्ये हायडेलबर्गच्या डीटर झे यांनी या वाटेने विचार सुरू केला, पुढे झुरेक यांनी तो वाढवला.

व्हिएन्नात हे उघड करून दाखवलंय. तिथे १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंच्या फुलरीन रेणूचे पट्टे मिळाले होते. नंतर ७० अणूंचा रेणू घेऊन २००३ मध्ये निर्वात नळीत थोडा थोडा वायू सोडत गेले, तसतसे पट्टे पुसट झाले. २००४ मध्ये वायू न सोडता रेणूच लेझरने तापवले. तापलेला रेणू वाटेत स्वतःच प्रकाश फेकतो आणि आपण कुठे आहोत ते सांगून टाकतो. जितका जास्त तापवला तितके पट्टे मेले. तिथेही कुणाचं मन आड आलं नव्हतं.

पट्टे नीट येत नसतील तर या क्रमाने तपासा. तुटक रेघच दिसत नाही: धागा किरणाच्या बाहेर आहे, पुठ्ठा केसभर सरकवा. आडव्या-उभ्या प्लेटने पट्टे फिके होतात पण जात नाहीत: सांध्यात फट आहे किंवा दोन बाणांत नेमका काटकोन नाही, ती प्लेट टॉर्चसमोर धरून तिसऱ्या फिल्ममधून बघा, एक पट्टी पूर्ण काळी होते तेव्हा दुसरी सर्वांत उजळ दिसली पाहिजे. तिरकी फिल्म धरूनही काही परत येत नाही: एकाच बाजूने प्रकाश येतोय, पॉइंटर स्वतःभोवती फिरवा. आणि थ्रीडी सिनेमाचा चष्मा वापरायचा मोह टाळा. त्यात बहुधा वर्तुळाकार पोलरायझेशनची फिल्म असते, ती उलटसुलट धरली की वेगवेगळी वागते आणि अर्धी रात्र त्यातच जाते.