शाळेची सहल नेताय? मग या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की पंधरा दिवसांत सहलीचं पत्रक निघतं, आणि दर वर्षी त्याच चुका नव्या उत्साहाने होतात. पाचवी ते आठवीच्या सहलींबरोबर मी बरीच वर्षं जातेय. चौथीपर्यंतची पोरं सांगाल तिथे उभी राहतात. दहावीची चुकली तरी कुणाचा तरी फोन मागून कळवतात. मधली जी आहेत त्यांना बोट धरलेलं चालत नाही, आणि सोडलेलं आपल्याला चालत नाही. सहल बिघडली की शिक्षकखोलीत सगळं खापर या वयावर फुटतं. मला ते पटत नाही. बहुतेक गोंधळ पत्रक काढणाऱ्या मोठ्यांनी आधीच घालून ठेवलेला असतो.

डोकी मोजणं

माझा सगळ्यात जुना राग हा. नवा शिक्षक गाडीच्या दारात उभा राहतो, हवेत बोट नाचवत डोकी मोजतो आणि ओरडतो, “चव्वेचाळीस! चला काका, घ्या गाडी!”

डिसेंबरातल्या शनिवारी वेरूळच्या वाहनतळावर एसटीच्या लाल गाड्यांची रांग लागलेली असते. प्रत्येकीवर ‘शैक्षणिक सहल’ लिहिलेला कागद, आणि निम्म्या मुलांच्या अंगात पांढरा सदरा नि निळी पँट. अशाच एका शनिवारी आमच्या गाडीत मोजणी झाली, आकडा चोख जुळला. गाडी सुरू झाली तेवढ्यात सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, माझा जोडीदार नाहीये.” मोजणारे सर त्याच्यावर खेकसले, “आकडा बरोबर आलाय, खाली बस.” पोरगं बसेना. मी वही काढून एकेक नाव घ्यायला लागले. एका नावाला ‘हजर’ आलंच नाही. आणि शेवटच्या बाकावर एक मुलगा गाढ झोपला होता, त्याचं नाव आमच्या यादीतच नव्हतं. तो भलत्याच तालुक्यातल्या शाळेचा निघाला. लाल गाडी दिसली, चढला, दमला होता, झोपला. आमचा मुलगा अजून स्वच्छतागृहाच्या रांगेत उभा होता.

तेवढ्यात त्या दुसऱ्या शाळेच्या बाई पदर खोचून गाड्यागाड्यांतून शोधत आल्या. त्यांचा आकडा एकाने कमी भरला होता, म्हणून त्यांना लगेच कळलं. आमचा बरोबर भरला होता, म्हणून आम्ही निघालो होतो. त्या सातवीतल्या पोराने तोंड उघडलं नसतं, तर आम्हाला ते चहाच्या थांब्यावर कळलं असतं. कदाचित तिथेही नाही.

तेव्हा डोकी मोजू नका, नावं घ्या. गाडीत बसल्यावर, उतरल्यावर, जेवणानंतर, दर वेळी. “किती वेळ जातो त्यात!” असं म्हणणारे भेटतात. चव्वेचाळीस नावांना तीन मिनिटं लागतात. यादी कागदावर ठेवा. मोबाइलची बॅटरी दुपारी दोनला फोटो काढून काढून संपलेली असते. मी शंभरपानी वही वापरते. प्रत्येक नावापुढे पालकांचे दोन नंबर, कुणाला दमा आहे, कुणाला शेंगदाणा चालत नाही, सगळं त्याच ओळीत.

जोड्या मुलांना स्वतः लावू द्या. इथे माझं बऱ्याच सहकाऱ्यांशी वाजतं. ‘दंगेखोर वेगळे करा’ म्हणून शिक्षक जोड्या ठरवतात. मग दोन मित्र एकमेकांकडे पळतात आणि त्यांचे नेमून दिलेले जोडीदार एकटे पडतात. मित्र मित्राला विसरत नाही. कुणीच जोडीला घेत नाही असं एखादं मूल प्रत्येक वर्गात असतं. ते कोण आहे हे सहलीच्या आधी आठवडाभर हेरून ठेवा आणि तीनचा गट करा. गाडीच्या दारात सगळ्यांसमोर “याला कोण घेतंय?” असं विचारू नका.

आणखी एक. खिशाला लावायच्या कार्डावर शाळेचं नाव आणि फोन नंबर ठळक लिहा, मुलाचं नाव मागच्या बाजूला. परक्या माणसाने नावाने हाक मारली की या वयातलं मूल ओळखीचं समजून थांबतं.

एका दिवसात सात ठिकाणं

पत्रक असं असतं: पहाटे ४ वाजता प्रस्थान, वेरूळ, घृष्णेश्वर, खुलताबाद, दौलताबाद, पाणचक्की, बीबी का मकबरा, जमलं तर पैठण. ‘जमलं तर’ हे शब्द दिसले की मी त्या सहलीतून नाव काढून घेते. पालकांना पैसे वसूल झाल्यासारखं वाटावं म्हणून ठिकाणं वाढवतात, हे उघड आहे. मुलांना मात्र दिवसभर एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे पुढच्या सीटची पाठ.

शेजारच्या गावातली एक शाळा असंच भरगच्च वेळापत्रक घेऊन वेरूळला पोचली, तो मंगळवार होता. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. अजिंठ्याची सोमवारी. ही माहिती कुठेही मिळते, पण पत्रक मागच्या वर्षीचं होतं, फक्त तारीख बदललेली. मुलांनी बंद फाटकासमोर फोटो काढला, घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं, आणि मग ‘वेळ उरलाय’ म्हणून दौलताबादेत त्यांना उन्हात तासभर बसवून ठेवलं. तिथे दोन मुलांची मारामारी झाली. शिक्षा मुलांना झाली, पत्रक काढणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

अजिंठ्याला जाणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. तुमची गाडी फर्दापूरच्या टी पॉइंटला थांबते, तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर तिथल्या बसने जायचं असतं. गर्दीच्या दिवशी त्या बसची रांग वेळापत्रकात धरलेली नसेल, तर शेवटची लेणी पळत बघावी लागतात. आत फ्लॅश मारायचा नाही, हे मुलांना वर्गातच सांगा आणि शिक्षकांना दोनदा सांगा.

माझी पद्धत साधी आहे: दिवसाला दोन ठिकाणं. वेरूळ आणि दौलताबाद. वेरूळला चौतीस लेणी आहेत, तीही सगळी दाखवत नाही. दहावं, सोळावं आणि बत्तिसावं. एक बौद्ध, एक हिंदू, एक जैन. दहाव्यात दगडाच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरल्यात. त्या कशासाठी, हे मी सांगत नाही, मुलांना भांडू देते. सोळावं म्हणजे कैलास, कळसापासून पायाकडे कोरत आणलेलं. तिथे एकच प्रश्न टाकते: “कारागिराचा हात चुकला असता तर काय केलं असतं?” ज्याला वर्गात कधी तोंड फुटत नाही, असा एखादा तिथे बोलायला लागतो. हे पंचेचाळीस मिनिटांच्या धावपळीत होत नाही.

दौलताबाद किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, शिरण्याआधी मुलांना बाहेरच मनसोक्त किंचाळून घेऊ द्या. आत वटवाघळं असतात, पायऱ्या उंचसखल आहेत, आणि एकजण ओरडला की सगळे ढकलाढकली करतात. पुढे एक शिक्षक, शेवटी एक, दोघांकडे विजेरी. विजेरी म्हणजे विजेरी, मोबाइलचा उजेड नाही.

“शिस्तीत वागा” म्हणणं

हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. निघायच्या आदल्या दिवशी अर्धा तास भाषण देणारे मुख्याध्यापक मी पाहिलेत; गाडीत बसेपर्यंत त्यातला एक शब्द उरलेला नसतो. मी तीनच गोष्टी सांगते आणि मुलांकडून परत म्हणवून घेते. हात-डोकं खिडकीबाहेर नाही. जोडीदाराशिवाय कुठेही नाही, स्वच्छतागृहातही नाही. विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल नाही. गाणी, भेंड्या, आरडाओरडा, सीटवर उलटं बसून गप्पा, हे चालतं. ज्यांना चव्वेचाळीस मुलं चार तास गप्प बसलेली हवीत, त्यांनी सहलीला येऊ नये.

पोकळ धमक्या देऊ नका. “गाडी इथूनच परत फिरवीन” हे मुलं पहिल्यांदा ऐकतात तेव्हा घाबरतात, दुसऱ्यांदा हसतात. गाडी फिरणार नाही हे त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक असतं. एकाने चूक केली म्हणून सगळ्यांची आइस्क्रीमची खेप रद्द करणं तर अगदीच वाईट. पुढचा दिवसभर ती सगळी मिळून त्या एकाला छळतात. आणि कुणी सहलीत ‘एक ठेवून द्या’ असा सल्ला दिला, तर त्याला २००९ चा शिक्षण हक्क कायदा आठवून द्या. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. सहलीचा दिवस हाही शाळेचाच दिवस.

वर्गातला सगळ्यात वळवळ्या मुलगा असतो ना, त्याला काम द्या. आमच्याकडे त्याला ‘शेपूट’ म्हणतात. रांगेत सगळ्यांत शेवटी चालायचं आणि मागे कुणी राहिलं की आरोळी द्यायची. हे पद मिळावं म्हणून आता भांडणं होतात.

पाणी

इथे मी गमतीने बोलत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, त्यात बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढवली होती. ‘गुडघाभर पाण्यात काय होतंय’ हे वाक्य मी दर वर्षी कुठल्या ना कुठल्या शिक्षकाकडून ऐकते. लाट ओसरताना पायाखालची वाळू ओढून नेते, तेव्हा गुडघाभर पाणी छातीला येतं. माझ्या सहलीत समुद्र, धरण, तलाव येत नाहीत. भित्री म्हणा.

बाकीच्या, थोडक्यात

स्वच्छतागृहाचा थांबा दहा मिनिटांचा धरू नका. पन्नास मुलं आणि दोन शौचालयं हा हिशेब पाऊण तासाचा आहे. मुली तर वाईट स्वच्छतागृहांच्या भीतीने दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि दुपारी चक्कर येऊन पडतात. कारण ‘ऊन लागलं’ असं नोंदवलं जातं. थांबे आधी फोन करून ठरवा, आणि बाईंच्या पिशवीत सॅनिटरी पॅड, जुने वर्तमानपत्र आणि एखादा जादा सलवार-कुडता असू द्या. मुलींनी मागायची वेळ आणू नका, कुठल्या पिशवीत आहे ते आधीच सांगून ठेवा.

उलटी होणाऱ्यांना पुढच्या सीटवर बसवा, घाट लागण्याआधी पोटभर वडापाव खाऊ घालू नका. गोळी पालकांनी लिहून दिल्याशिवाय कुणालाही देऊ नका, तुमच्या पिशवीत कितीही औषधं असोत.

डबा दशमी-चटणी किंवा धपाट्यांचा. दहीभात दुपारी फसफसतो.

मोबाइल आणू नका असं सांगता, मग तुम्हीही दिवसभर ग्रुपवर फोटो टाकू नका. एका पालकाला आपलं मूल फोटोत दिसलं नाही की बाकीच्या पालकांचे फोन सुरू होतात.

शिवनेरीसारख्या गडावर अत्तर, धूर आणि दगड मारणं, तिन्हींपासून मुलांना लांब ठेवा. तिथे आग्या मोहोळ उठल्याच्या बातम्या येत असतात.

भिंतीवर नाव कोरणारा सापडला की मी ओरडत नाही, त्याच्याकडून तिथली सगळी नावं मोठ्याने वाचून घेते. दहाव्या नावाला तो स्वतःच थांबतो.

‘सहलीचा वृत्तांत लिहा’ हा गृहपाठ बंद करा. चव्वेचाळीस वह्यांत “आम्ही पहाटे लवकर उठलो” वाचून कुणाचंही भलं झालेलं नाही. एक शिल्प काढून आणायला सांगा, वेडंवाकडं का असेना.

पैसे

खासगी गाडी ‘जरा बरी असते’ म्हणून ती ठरवण्याआधी आगारात जा. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे आख्खी गाडी भाड्याने, मिळते आणि शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत आहे. शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या परवानगीचा कागद हाताशी ठेवा आणि तारीख पक्की करायला शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. डिसेंबरात सगळ्यांनाच गाडी हवी असते. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नसतं. तरीही पत्रकात ‘प्रवेश शुल्क’ लावणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत.

वर्गणी कमी झाली की ‘इच्छा नाही’ असं सांगून घरी राहणारी दोन-तीन मुलं येऊ शकतात. त्यांची इच्छा नसते असं कुणी समजू नये. आणि जी तरीही येत नाहीत, त्यांच्यासाठी त्या दिवशी शाळेत एक शिक्षक आणि खरे तास ठेवा. रिकाम्या वर्गात त्यांना ‘स्वयंअध्ययन’ करत बसवलेलं मला चालत नाही.

परतल्यावर हिशेब आठवड्याच्या आत फळ्यावर लावा. उरलेले पंधरा-वीस रुपये प्रत्येक मुलाच्या हातात परत द्या, ‘शाळेच्या निधीत जमा’ करू नका. मुलं हिशेब बघतात. माझ्याकडे एका सहावीतल्या मुलीने बेरजेतली चूक काढली होती, चहाचे पैसे दोनदा लावले होते म्हणून. चहा शिक्षकांचा होता.