पहाटेची धाप आणि गादीतली धूळ : माझा अनुभव

दादरच्या आमच्या घरी पावसाळ्यात मला पहाटे शिंका, छातीत घरघर आणि धाप यांचा त्रास होई. उदबत्ती बंद केली, दोन वेळा केर काढला, तरी फरक पडेना. झोपमोडीने मी रडकुंडीला आले होते. त्वचेवरील चाचणीत धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी निघाली. हे सूक्ष्म जीव दमट हवेत, विशेषतः गाद्या-उशांत वाढतात.

आधी गादी-उशांना माइट्स रोखणाऱ्या, घट्ट विणीच्या चेनवाल्या खोळी घातल्या; मग चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुऊ लागले, कारण कोमट पाण्यात माइट्स मरत नाहीत; शेवटी कोरडे झाडणे सोडून ओल्या फडक्याने पुसणे सुरू केले. पहाटेची घरघर थांबली. इनहेलर मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नये.