क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या जागेसाठी अर्ज करताय? आधी हे बघा

सगळ्यात आधी आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, नोंदणी प्रमाणपत्र फाइलमधून काढून समोर ठेवा. नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ते तपासा. नूतनीकरण जवळ आलं असेल तर सीआरईचे, म्हणजे नोंदणीनंतरच्या सततच्या प्रशिक्षणाचे, गुण पुरताहेत का, हेही आत्ताच बघून घ्या. सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीतला तुमचा क्रमांक, बायोडेटाच्या पहिल्या पानावर, नावाच्या लगेच खाली. हातात नुसतं एमए असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातल्या व्याख्येत तुम्ही बसत नाही, तेव्हा समुपदेशकाच्या जाहिराती शोधलेल्या बऱ्या.

मग नावाचा घोळ. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि लग्नानंतर बदललं असेल तर विचारूच नका. राजपत्राची किंवा विवाह नोंदणी दाखल्याची प्रत जोडून मोकळे व्हा.

खरा वेळ अनुभवाच्या परिच्छेदाला द्या. ‘विविध मानसशास्त्रीय चाचण्यांचे ज्ञान’ ही ओळ बहुतेक अर्जांत सापडते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘बालरुग्ण ओपीडीत मिसिक आणि बिने-कामत या बुद्धिमत्ता चाचण्या मराठी व हिंदीतून घेतल्या, गुणांकन केले, अहवालाचा मसुदा लिहिला, पर्यवेक्षकांनी तो तपासला.’ भाषेचा उल्लेख मुंबईत फार उपयोगी पडतो, कारण पालिकेच्या ओपीडीत एका सकाळी मराठी, हिंदी आणि गुजराती बोलणारे पालक ओळीने येऊन बसतात. सायन किंवा नायरसारख्या रुग्णालयात अर्ज करताना अध्ययन अक्षमतेच्या तपासणीचं काम केलं असेल तर ते वर घ्या. तिथे दहावी-बारावीच्या सवलतींसाठी मुलं येतात. कर्करोग रुग्णालयाकडे जाणाऱ्या अर्जात तेच काम खाली जाऊ दे. तिथे आजाराशी झुंजणाऱ्या माणसांशी आणि नातेवाइकांशी केलेलं काम वर हवं. रोर्शाकची, म्हणजे शाईच्या डागांच्या चाचणीची, एक कार्यशाळा केली म्हणून ती ‘येते’ असं मात्र लिहू नका. उद्या सकाळी पेशंट समोर बसवला तर जी चाचणी घेता येईल, तेवढीच लिहा. पॅनेलवरचे लोक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

नमुना अहवाल मागितला असेल तर नुसतं नाव खोडून भागत नाही. ‘वय 14, वडील रेल्वेत मोटरमन, राहणार अमुक वसाहत’ एवढ्यावर ओळखणारा ओळखतो. वय ढोबळ करा, पत्ता आणि पेशा काढा, आणि अहवाल संस्थेचा असेल तर तिथली परवानगी घ्या. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, मानसिक आरोग्य सेवा कायद्याचंच कलम 23. जो उमेदवार अर्जातच तो मोडतो, त्याला कोण ठेवेल?

ज्यांचा संदर्भ देताय त्या मॅडमना किंवा सरांना आधी फोन करा, कुठल्या जागेसाठी ते सांगा.

वॉक-इन असेल तर मूळ कागदपत्रं, स्वसाक्षांकित झेरॉक्सचे दोन संच, फोटो. अर्ज हाताने देणार असाल तर आवक विभागात आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.