हिरडीवरची गाठ परत आली तर

तालुक्याच्या गावी नव्यानं प्रॅक्टिस सुरू केलेल्या डेंटिस्ट मित्रांसाठी हे लिहितेय. माझा दवाखाना चोपड्याला. "डाक्टर, गाठ परत उनी" म्हणत पेशंट आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: मागच्या वेळी काढलेला तुकडा तपासायला पाठवला होता का? रिपोर्ट असेल तर तो आधी वाचा.

लालभडक, हात लावताच रक्त येणारी गाठ बहुधा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा (बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली साधी वाढ) असते. फिकट, घट्ट असेल तर फायब्रोमा (तंतुमय गाठ). निळसर-जांभळी असेल तर जायंट सेल ग्रॅन्युलोमा (मोठाल्या पेशींची गाठ). तसा रिपोर्ट आला, तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोनही तपासा, कारण पॅराथायरॉइड ग्रंथीच्या आजारातही अशीच गाठ येते. रंगावरून फक्त अंदाज बांधायचा. हाड झिजलंय का, ते एक्स-रेत बघा. बाई गरोदर असेल आणि रक्तस्राव फार नसेल, तर बाळंतपणापर्यंत थांबा. पुष्कळदा गाठ आपोआप आक्रसते. गुटखा खाणाऱ्याच्या हिरडीवर न भरणारी, कडक काठांची जखम दिसली तर मात्र आधी छोटी बायोप्सी, बाकीचं नंतर.

शस्त्रक्रियेआधी स्केलिंग करा (दातांवरचा थर काढा), टोचणारी कॅप किंवा फिलिंग दुरुस्त करा. सूज उतरली की गाठीची खरी हद्द दिसते.

आता मुख्य काम. गाठ वरवर छाटली तर ती परत यायची शक्यता फार, कारण तिचं मूळ पुष्कळदा हाडावरच्या आवरणात आणि दाताभोवतीच्या लिगामेंटमध्ये असतं. ॲड्रेनलिनयुक्त लिग्नोकेन (बधिर करायचं इंजेक्शन) गाठीत न टोचता तिच्या भोवती द्या. पंधरा नंबरच्या ब्लेडनं एक-दोन मिलिमीटर निरोगी हिरडी धरून थेट हाडापर्यंत काप घ्या. आवरणासकट गाठ उचला. मग दोन दातांमधली फट क्युरेटनं खरवडा, मुळांचा पृष्ठभाग गुळगुळीत करा. घाई होते ती इथेच. पुढच्या दातांशी हिरडी खाली गेलेली दिसेल म्हणून हात आखडू नका. ते पेशंटला आधीच सांगा, झाकायची सोय नंतर करता येते. डायोड लेसरनं रक्त कमी जातं, पण कडा जळतात आणि पॅथॉलॉजिस्टला वाचणं अवघड होतं.

तुकडा दहा टक्के फॉर्मलिनमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात ठेवा. बाटलीवर दाताचा नंबर लिहा. जखमेवरचा पॅक (झाकणारा लेप) आठवडाभर ठेवा.

तपासणी महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं. कापूस वेचणीच्या दिवसांत कुणी येत नाही, तेव्हा तारखा त्याआधीच्या द्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी फोन नंबर लिहून ठेवा.