होम थिएटर संगणकासाठी टीव्ही ट्यूनर कार्ड कसे निवडावे

टीव्हीखाली एक लहानसा संगणक ठेवावा, त्यावरच वाहिन्या पाहाव्यात, आवडते कार्यक्रम आपण घरी नसतानाही रेकॉर्ड व्हावेत आणि त्याच पडद्यावर घरातले फोटो, गाणी नि चित्रपटही लागावेत, अशी इच्छा अनेकांना असते. असा संगणक जुळवणे आता अवघड राहिलेले नाही. गाडी अडते ती ट्यूनर कार्डापाशी, म्हणजे वाहिन्यांचा सिग्नल पकडून संगणकाला देणाऱ्या भागापाशी. ‘टीव्ही ट्यूनर’ या एकाच नावाने विकली जाणारी कार्डे आतून इतकी वेगवेगळी असतात की, एकाचे काम दुसरे करूच शकत नाही. म्हणून कार्डाच्या खोक्यावर काय छापले आहे हे पाहण्याआधी आपल्या घरात कोणती वायर येते आणि तिच्यातून काय येते, हे पाहावे.

हे मी अनुभवाने सांगतो. नाशिकच्या गंगापूर रोडवरील आमच्या घरासाठी मी पहिले कार्ड आणले, तेव्हा विक्रेत्याने ‘यावर सगळी चॅनेल दिसतील’ असे सांगितले होते. कार्ड डीव्हीबी-टी२ प्रकारचे, म्हणजे साध्या अँटेनावर येणारे डिजिटल प्रक्षेपण पकडणारे होते. गच्चीवर अँटेना लावून मी दोन संध्याकाळी शोध घेतला, पण सिग्नलची पट्टी शून्यावरून हलली नाही. कार्ड निर्दोष होते. ते जे शोधत होते, ते माझ्या गच्चीवर पोहोचतच नव्हते.

पहिली पायरी म्हणून घरातल्या सिग्नलचा प्रकार ठरवावा. नाशिकमध्ये विचार करण्याजोगे मार्ग चार आहेत, आणि त्यांपैकी तीन बाजूला ठेवता येतात. पहिला मार्ग जुन्या ॲनालॉग प्रक्षेपणाचा. दूरदर्शनची बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे २०२२पर्यंत बंद करण्यात आली, त्यामुळे माळ्यावर सापडलेले किंवा कोणी स्वस्तात देऊ केलेले ॲनालॉग कार्ड वाहिन्या पाहण्यासाठी घेऊ नये. दुसरा मार्ग डीव्हीबी-टी२चा. दूरदर्शनने ही सेवा ठरावीक शहरांपुरतीच सुरू केली, तेव्हा आपल्याच भागात कोणाच्या तरी घरी ती प्रत्यक्ष चालताना पाहिल्याशिवाय तिच्यावर पैसे घालू नयेत. तिसरा मार्ग केबलचा. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांत नाशिक होते आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१३ ही होती. तेव्हापासून केबलच्या तारेतून येणारा सिग्नल डीव्हीबी-सी या पद्धतीचा असला, तरी तो कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली केबलवाल्याने दिलेल्या सेटटॉप बॉक्समध्येच असते. डीव्हीबी-सी कार्ड वाहिन्यांची नावे शोधून काढील, यादीही दाखवील, पण चित्र उमटणार नाही. दरमहा रिचार्ज कराव्या लागणाऱ्या डीटीएच सेवांचेही तसेच आहे. काही कार्डांवर डिकोडिंगचे मॉड्यूल बसवण्याची खाच असते, पण आपल्याकडील ग्राहकाला प्रत्यक्षात हाती मिळतो तो सेटटॉप बॉक्सच. कुलूप तोडण्याचे ‘जुगाड’ सुचवणारे भेटतात. ते बेकायदेशीर आहे, म्हणून त्या वाटेला जाऊ नये.

उरतो चौथा मार्ग, आणि माझ्या मते नाशिकच्या घरासाठी तोच खरा आहे: डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झालेली ही प्रसार भारतीची सेवा आज जीसॅट-१५ या उपग्रहावरून, ९३.५ अंश पूर्व रेखांशावरून येते. तिला मासिक शुल्क नाही, आणि तिच्यावरील एमपीईजी-२ (चित्र साठवण्याची जुनी डिजिटल पद्धत) वाहिन्या कोणत्याही योग्य उपग्रह ट्यूनरला खुल्या असतात. सह्याद्री वाहिनीवरचा एखादा कार्यक्रम कोणाचीही परवानगी न मागता स्वतःच्या हार्ड डिस्कवर साठवून ठेवता येणे, हे माझ्यासारख्याला फार मोलाचे वाटते. या सेवेसाठी घ्यायचे कार्ड डीव्हीबी-एस२ प्रकारचे, म्हणजे उपग्रहावरून येणारे डिजिटल प्रक्षेपण पकडणारे असावे. बाजारात मिळणारी एस२ कार्डे जुने डीव्हीबी-एस प्रक्षेपणही वाचतात. उलट नुसते ‘एस’ असलेले कार्ड नव्या पद्धतीचा सिग्नल वाचू शकत नाही.

येथे एक सावधगिरी आवर्जून सांगितली पाहिजे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना ट्यूनर आणायला सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अमेरिकेत विकली जाणारी कार्डे बहुधा एटीएससी या तिकडच्या पद्धतीची असतात आणि ती भारतात निरुपयोगी ठरतात. ‘हॉपॉज’सारख्या नामवंत कंपनीचीही अमेरिकेसाठी वेगळी आणि युरोपसाठी वेगळी मॉडेल्स असतात. तेव्हा कंपनीचे नाव सांगून भागत नाही. मॉडेल क्रमांक लिहून द्यावा आणि ‘डीव्हीबी-एस२’ ही अक्षरे खोक्यावर आहेत याची खात्री करून घ्यायला सांगावे.

दुसरी पायरी म्हणजे संगणकाची पेटी उघडून आत पाहणे. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसची मोकळी खाच असेल, तर आत बसणारे कार्ड घ्यावे. एक्स१ या सर्वांत लहान आकाराचे कार्ड त्याच जातीच्या लांब खाचेतही बसते, मात्र जुन्या साध्या पीसीआय खाचेत बसत नाही, आणि या दोन नावांतील साम्यामुळे दुकानात नेहमी घोटाळा होतो. पेटी बुटकी असेल, तर कार्डासोबत अर्ध्या उंचीची पट्टी मिळते का, हे विचारून घ्यावे. अगदी लहान मिनी पीसीला खाचच नसते, तेथे यूएसबी ट्यूनर हाच पर्याय. उपग्रह ट्यूनरला गच्चीवरच्या एलएनबीलाही, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या सिग्नल टिपणाऱ्या भागालाही, वीज पुरवावी लागते: लहरींच्या उभ्या ध्रुवीकरणासाठी १३ व्होल्ट, आडव्यासाठी १८ व्होल्ट. म्हणून उपग्रहाच्या यूएसबी ट्यूनरसोबत बहुधा स्वतंत्र ॲडॅप्टर येतो आणि काही आत बसणाऱ्या कार्डांना पॉवर सप्लायची वेगळी वायर जोडावी लागते. ती वायर आपल्या पेटीत शिल्लक आहे का, हे खरेदीआधीच पाहिलेले बरे.

तिसरी पायरी ट्यूनरच्या संख्येची. एक वाहिनी पाहताना दुसरी रेकॉर्ड व्हावी असे वाटत असेल, तर सर्वसाधारण सल्ला दोन ट्यूनर असलेले कार्ड घ्यावे असाच मिळतो, पण तो घाईने मानू नये. उपग्रहावरील वाहिन्या एकेका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे उपग्रहातील एकेका प्रक्षेपकावर, गटागटाने येतात. अशा एका ट्रान्सपॉन्डरमधून सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट माहिती येऊ शकते आणि तो पूर्ण गट एकच ट्यूनर उचलतो. त्यामुळे एकाच गटातील अनेक वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी साठवता येतात. आपल्या घरातल्यांच्या आवडीच्या वाहिन्या कोणत्या गटांत विखुरल्या आहेत, हे आधी कागदावर मांडावे आणि मगच दुसऱ्या ट्यूनरचा खर्च करावा. दोन ट्यूनर घेतलेच, तर गच्चीवर दोन तोंडांचा एलएनबी आणि तेथून खाली येणाऱ्या दोन स्वतंत्र केबल लागतील, हा खर्चही हिशेबात धरावा.

प्रोसेसर किंवा हार्ड डिस्कची फार चिंता नको. कार्ड आलेला डिजिटल प्रवाह जसाच्या तसा साठवते. सेकंदाला ३ मेगाबिटची साधी वाहिनी तासाला १.३५ जीबी जागा घेते.

चौथी पायरी सॉफ्टवेअरची, आणि तीही खरेदीच्या आधीच उरकावी. जुन्या पुस्तिकांत ज्याची शिफारस आढळते, ते विंडोज मीडिया सेंटर विंडोज १०पासून मिळत नाही. वाहिन्या पाहण्या-रेकॉर्ड करण्यासाठी विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर किंवा मीडियापोर्टल हे प्रोग्राम आहेत; लिनक्सवर मागे काम करायला टीव्हीहेडएंड आणि समोर पडद्यावर दिसायला कोडी, ही जोडी मला सर्वांत समाधानकारक वाटली. आपल्याला हव्या त्या कार्डाचा ड्रायव्हर (संगणकाला कार्ड ओळखायला लावणारा प्रोग्राम) सध्याच्या विंडोजसाठी उपलब्ध आहे का, किंवा लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, त्या कार्डाला आधार आहे का, हे तपासावे. महात्मा गांधी रोडवर संगणकाचे सामान घ्यायला गेलात, तर दुकानदाराकडून मॉडेल क्रमांक उतरवून घरी यावे, ड्रायव्हर शोधावा आणि मग दुसऱ्या दिवशी पैसे द्यावेत.

कार्ड हाती आले की गच्चीचे काम. फ्री डिशसाठी ६० सेंटिमीटरची छत्री घरगुती वापराला पुरते. नाशिकहून जीसॅट-१५ जवळजवळ नेमका आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५८ अंश उंच आहे. इतक्या उंचीमुळे आसपासच्या टेकड्या आड येत नाहीत. आड येते ती शेजारची पाण्याची टाकी किंवा वाढलेला गुलमोहर. सॉफ्टवेअरमध्ये एलएनबीचा प्रकार विचारला जातो; युनिव्हर्सल एलएनबी असेल, तर ९७५० आणि १०६०० (मेगाहर्ट्झ) हे दोन आकडे भरावेत. छत्री जोराच्या वाऱ्यात हलणार नाही अशी घट्ट बसवावी, कारण मुसळधार पावसात केयू बँडचा, म्हणजे ही सेवा ज्या लहरींवर येते त्यांचा, सिग्नल मुळातच क्षीण होतो आणि त्यात छत्री किंचित जरी सरकलेली असेल, तर चित्राचे चौकोन होऊन ते थिजते.

छत्रीपासून कार्डापर्यंत येणाऱ्या आरजी-६ केबलचे टोक सोलताना डोळ्यांत तेल घालून काम करावे. मधल्या तांब्याच्या तारेभोवती जी बारीक जाळी असते, तिचा केसाएवढा एखादा धागा मधल्या तारेला टेकला, तरी शॉर्ट होऊन कार्डाचा वीजपुरवठा करणारा भाग निकामी होऊ शकतो. जाळी मागे दुमडून प्रत्येक धागा बोटाने चाचपावा, टोकाचा एफ कनेक्टर (आटे असलेली धातूची टोपी) बसवल्यावर उजेडात आत डोकावून पाहावे आणि संगणक पूर्ण बंद करूनच केबल जोडावी किंवा काढावी. वळवाच्या पावसाची चिन्हे दिसू लागली की केबल काढून ठेवणे उत्तम. मात्र हे ढग दाटण्याआधी करावे, वीज चमकत असताना गच्चीवर जाऊ नये.

वस्तू परत करण्याची मुदत संपण्याच्या आत कार्ड सलग चोवीस तास चालवून पाहावे, निदान दोन रेकॉर्डिंग रात्रीची लावावीत आणि दुपारच्या उन्हाच्या वेळी पेटी बंद कपाटात किती तापते, हेही हात लावून पाहावे. याच काळात पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, बदलून घ्यावा. आपल्याकडील साध्या वाहिन्यांचे चित्र सेकंदाला ५० अर्धचित्रांचे असते आणि संगणक मात्र सहसा ६० हर्ट्झवर सुरू होतो. बातम्यांच्या वाहिनीवर तळाची सरकती पट्टी पाहिली की फरक लगेच कळतो: अक्षरे ठेचकाळत, गचके खात जातात. संगणकाचे आउटपुट ५० हर्ट्झ करावे, प्लेअरमध्ये डीइंटरलेसिंग (अर्धचित्रांपासून पूर्ण चित्र बनवण्याची सोय) चालू करावे आणि पुन्हा तीच पट्टी पाहावी. ती पाण्यासारखी सरळ वाहू लागली, की जोडणी पूर्ण झाली असे समजावे.