गोचीड मेंढीवर कमी, वाड्यात जास्त

लोकर कातरल्यावर कातरीचे ओरखडे भरू द्या, मगच कळपाला गोचीडनाशकाची आंघोळ घाला. आखूड लोकरीत औषध कातडीपर्यंत पोचतं. दिवस उन्हाचा, वेळ सकाळची. आधी पोटभर पाणी पाजा, नाहीतर तहानलेली मेंढी औषधाचंच पाणी पिते. प्रमाण पशुवैद्यकाला विचारूनच; अंदाजाने ओतलेलं औषध कोकरांच्या जिवावर बेततं. कानात, शेपटीखाली, जांघेत लोकर फाकवून बघा.

पण खरं काम वाड्यात आहे. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या भेगांत शेकडो-हजारो अंडी घालते. भेगा लिंपा, लेंड्या उचला, त्याच दिवशी वाडा फवारा. वाळल्याशिवाय मेंढरं आत घेऊ नका. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हेच करा, कारण अंड्यांवर औषध फारसं चालत नाही.