झर उपसताना त्यातले मासे कसे सांभाळायचे

उन्हाळा लागला की गोव्यात वाड्यावर झर, म्हणजे गावचा झरा, उपसायचं ठरतं आणि कोणीतरी हमखास ब्लीचिंग पावडर घेऊन येतं. ती पिशवी पहिली घरी पाठवा, क्लोरीनने कल्ले जळतात आणि झरीतल्या माशाला पळायला दुसरं पाणीच नसतं.

मग सकाळी काठावर दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं. पाण्याच्या अगदी वर तरंगतोय, डोक्यावर चंदेरी ठिपका चमकतोय तो किलीफिश, आपल्याच पाण्यातला, डासांच्या अळ्या आवडीने खातो. मग डासांसाठी गप्पी नाहीतर गंबुसिया हे बाहेरचे मासे आणून सोडायचे कशाला? गंबुसिया १९२८ साली डासांसाठीच भारतात आणला, तो दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो, त्यांचे पोहायचे पंख कुरतडतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कोरड्या भागात एजबॅस्टनचे झरे आहेत, तिथला रेड-फिन्ड ब्लू-आय हा इवलासा मासा १९९० मध्ये सापडला, जगात दुसरीकडे कुठे नाही, आणि गंबुसिया शिरला तसा एकेका झऱ्यातून संपत गेला. गप्पीची तर एक मादी पुरते, नर नसला तरी कित्येक महिने पिल्लं देत राहते, दिसली तर जाळीने काढा आणि दुसऱ्या पाण्यात सोडू नका.

उपसताना अर्धी बाजू आज, अर्धी पंधरा दिवसांनी. कडेची मुळं, पाणवनस्पती सगळं खरवडू नका, अंडी तिथेच चिकटलेली असतात. मासे बादलीत ठेवायचे तर झरीच्याच पाण्यात, सावलीत, नळाचं पाणी नको.

आणि सिमेंट तर नकोच. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात टेकोपाच्या गरम झऱ्यांवर आंघोळीची सोय वाढवली, दोन प्रवाह एकत्र केले, पाणी जोरात आणि जास्त गरम वाहायला लागलं, तिथला पपफिश हा छोटा मासा कायमचा गेला. झरीला टाइल्स बसवूया म्हटलं की मला तोच आठवतो.

अमेरिकेतच नेवाडातल्या डेव्हिल्स होल या पाण्याने भरलेल्या गुहेतला पपफिश एका उथळ कातळावर अंडी घालतो, शेजारी शेतीचे पंप लागले, पाणी उतरलं, कातळ उघडा पडायला लागला, शेवटी १९७६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पातळी राखायला लावली. आपल्याकडे झरीच्या वरच्या भाटात (बागायतीत) बोरवेल यायच्या आधीच पाण्याची पातळी मोजायला लागा, दगडावर ऑइलपेंटची रेघ, दर महिन्याला पट्टी लावून फोटो, तारीख वहीत. गोव्यात भूजलाचा कायदा २००२ चा आहे, बोरवेलला परवानगी लागते, हरकत घ्यायला जाताना ही वही बरोबर न्या.